आत्महत्येच्या प्रयत्नानंतरची वैद्यकीय शुश्रूषा (नाशिक जिल्हा)

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या किंवा तसे विचार मनात घोळत असलेल्या व्यक्तीला दोष न देता, इतर रुग्णांच्या बरोबरीने द्यावयाचे तातडीचे उपचार, मानसिक तपासणी आणि पुढील पाठपुरावा. निफाड, दिंडोरी या द्राक्षपट्ट्यात फवारणीची औषधे घरोघरी असतात. अशा विषबाधेचा रुग्ण सहसा आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आणि प्रकृती गंभीर असल्यास नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बोलीतल्या ‘सिव्हिल’मध्ये, पोहोचतो.

हा प्रयत्न गुन्हा मानणे नेमके केव्हा थांबले, याबाबत एकमत नाही. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ३०९ खाली त्यासाठी एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. मुंबई पोलीस दलातील एका शिपायाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले. नाशिक याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात असल्याने जिल्ह्यापुरते हेच वर्ष धरावे, असे म्हणता येईल. सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ मध्ये (पी. रथिनम खटला) तोच निष्कर्ष काढला, मात्र ग्यान कौर खटल्यात (१९९६) पाच न्यायाधीशांच्या पीठाने कलम पुन्हा वैध ठरवल्यामुळे १९८६ चा दावा टिकत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ रोजी अंमलात आला. त्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालत नाही. ‘अन्यथा सिद्ध न झाल्यास’ ही अट त्यात आहे, शिवाय कलम ३०९ कायद्याच्या पुस्तकात तसेच राहिले होते. म्हणून काहीजण १ जुलै २०२४ ही तारीख धरतात. त्या दिवशी दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र कलम २२६ खाली अजूनही शिक्षापात्र आहे. कलम ११५ मध्ये फक्त जुन्या ३०९ चा उल्लेख असल्याने त्याचे संरक्षण २२६ ला लागू पडते का, हा प्रश्न उरतोच. वैद्यकीय दृष्टीने २०१८ हे वर्ष अधिक सयुक्तिक वाटते. कारण उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकणारे पोटकलम याच कायद्यात आहे.

पोलिसांच्या धास्तीने नातेवाईक ‘चुकून पोटात गेलं’ असे सांगतात. मग कोणते औषध, किती वाजता, हे डॉक्टरांना उशिरा कळते. बाटली सोबत आणणे उत्तम. वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण (एमएलसी), म्हणजे पोलिसांना कळवायचे प्रकरण, म्हणून नोंद होते, पण ती नोंद म्हणजे आरोप नव्हे. तिच्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या परमानंद कटारा निकालाने (१९८९) हे बंधन खासगी डॉक्टरांवरही घातले आहे.

राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. नाशिकमध्ये एकही नाही. त्यामुळे २०१७ च्या अधिनियमाचे कलम ९४ येथे विशेष उपयोगाचे आहे : जीव वाचवण्यासाठी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे मानसोपचार देऊ शकतो, मात्र विद्युत उपचार (मेंदूला विजेचा नियंत्रित झटका देण्याची पद्धत) त्यात बसत नाहीत. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी अपुरे आहेत म्हणून रुग्णाला बांधून ठेवण्यास कायद्याची मनाई आहे. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारल्याने ते मनात रुजतात, ही समजूत निराधार आहे. विचारपूस शक्यतो एकांतात करावी. सासर-माहेरची माणसे खाटेभोवती उभी असताना खरे उत्तर मिळणे कठीण.

घरी सोडल्यानंतरचा काळ सर्वांत जोखमीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतील अभ्यासात (२००८, भारतातून चेन्नई) १,८६७ रुग्ण होते. त्यांतील एका गटाला घरी सोडताना सुमारे तासभर माहिती दिली आणि पुढील १८ महिन्यांत नऊ वेळा फोनवर किंवा भेटून संपर्क ठेवला. त्या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू लक्षणीयरीत्या कमी आढळले. या पद्धतीला महागडी साधने लागत नाहीत. पेठ, सुरगाणा अशा दूरच्या तालुक्यांसाठी ती सोयीची ठरावी. टेलि-मानस (१४४१६) ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती चोवीस तास व मराठीतही उपलब्ध आहे.