३ किलो आणि ३५ किलो समोरासमोर येतात तेव्हा

ठाण्यात उपवन तलावाच्या काठाने सकाळी साडेसहाच्या सुमाराला फेरी मारली, तर एक प्रसंग हमखास बघायला मिळतो. एका बाजूने लॅब्रॅडॉर येत असतो, दुसऱ्या बाजूने पॉमेरेनियन. पंधरा-वीस पावलांचं अंतर असतानाच पॉम जिवाच्या आकांताने भुंकायला लागतं. लॅब पट्टा ताणून पुढे झेपावतो. "घाबरू नका काकू, आमचा ब्रूनो काही करत नाही." "तुमचा करत नाही हो, पण आमची घाबरते ना! आधी त्याला धरा." एवढं बोलेपर्यंत काकूंनी पॉमला उचलून छातीशी धरलेलं असतं, आणि ते बघून लॅब आणखीच उड्या मारायला लागतो. तिथून पुढे कुत्री बाजूला राहतात आणि माणसांची जुंपते.

घोडबंदर रोड, नेरुळ, खारघर इथल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये हाच वाद लिफ्टच्या दारात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर चालू असतो. छोट्या कुत्र्यांचे पालक म्हणतात, मोठी कुत्री धोकादायक. मोठ्या कुत्र्यांचे पालक म्हणतात, खोडी काढतात ती छोटीच. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या वीसेक वर्षांत या दोन्ही म्हणण्यांची तपासणी केली आहे आणि दोन्हींत तथ्य निघालं आहे. त्यामुळे कुत्रं कोणाचं वाईट, या प्रश्नावर भांडून हाती काही लागत नाही. दोन कुत्र्यांची भेट नेमकी कशी घडते, हे पाहिलं तर मात्र बरंच काही उलगडतं.

दोन-तीन किलोंचा चिवावा आणि साठ-सत्तर किलोंचा ग्रेट डेन हे दोघे एकाच प्रजातीचे. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत एकाच प्रजातीत आकाराची एवढी तफावत दुसरीकडे सापडत नाही. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की, लहान चणीच्या बहुतेक जातींमध्ये आयजीएफ-१ या वाढीशी संबंधित जनुकाजवळ एक ठरावीक बदल असतो. २०२२ साली त्याहून नवल वाटावं असं कळलं : शरीर लहान ठेवणारा हा बदल सैबेरियात सापडलेल्या ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या डीएनएतही होता. म्हणजे माणसाने कुत्रा पाळण्याच्या कितीतरी आधीपासून तो निसर्गात होता. माणसाने तो निवडून निवडून वाढवला. शरीर आखूड झालं, पण गुरगुरणं, हुंगणं, पाठलाग करणं, भीती वाटली की दात दाखवणं हे सगळं आत जसंच्या तसं राहिलं. मांडीवर बसणारं शिह त्झू हेही पुरतं कुत्रंच आहे, आणि माझ्या मते पुढचा बराचसा घोळ हे विसरल्यामुळे होतो.

छोटी कुत्री जास्त आक्रमक असतात का? मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेला एक मोठा अमेरिकी अभ्यास २००८ साली आला. त्यात चिवावा आणि डॅशहुंड या दोन जातींचे गुण माणसांवर आणि इतर कुत्र्यांवरही चवताळण्यात सरासरीपेक्षा जास्त निघाले. अनोळखी कुत्र्यांवर गंभीरपणे धावून जाण्यात अकिता आणि पिटबुलही पुढे होते, म्हणजे मोठ्या जाती निर्दोष सुटल्या असं नाही. २०२१ साली हेलसिंकी विद्यापीठाच्या चमूने नऊ हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासली. त्यात माणसांवर आक्रमक होण्याशी सर्वांत घट्ट नातं भित्रेपणाचं निघालं; लहान आकार हाही एक घटक होताच. मात्र नुसत्या जातीवरून एखाद्या कुत्र्याचा स्वभाव ओळखता येत नाही. अठरा हजारांवर कुत्र्यांच्या २०२२ सालच्या अभ्यासात वर्तनातल्या फरकांपैकी जातीमुळे पडणारा वाटा फक्त ९ टक्के दिसला.

छोटं कुत्रं जास्त भुंकतं, ते मुळात घाबरलेलं असतं म्हणून. पॉमची उंची वीसेक सेंटिमीटर. लॅबच्या खांद्याची उंची पंचावन्नच्या पुढे. पॉमच्या डोळ्यांसमोर येतात ते चार खांब आणि वरून खाली येणारं तोंड. अशा वेळी त्याने भुंकून पाहिलं आणि समोरचा कुत्रा निघून गेला, तर त्याला धडा मिळतो की भुंकणं लागू पडतं. समोरचा त्याच्या मालकाबरोबर तसाही पुढे जाणारच होता, हे पॉमला कळायचं कारण नाही. तलावाच्या एका फेरीत हा धडा पाच वेळा गिरवला जातो, आणि काही महिन्यांत भुंकणं अंगवळणी पडतं.

यात आपला हात किती, हे व्हिएन्नात झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीतून दिसतं. बाराशेंहून अधिक मालकांना प्रश्न विचारले गेले आणि २० किलोंच्या रेषेवर लहान-मोठी कुत्री वेगळी केली गेली. लहान कुत्र्यांचे मालक वागण्यात कमी सातत्य ठेवतात, शिकवणीला आणि एकत्र खेळायला कमी वेळ देतात, असं आढळलं. त्यांची कुत्री जास्त चिडखोर, जास्त घाबरट आणि कमी ऐकणारी होती. ज्या घरात शिक्षा जास्त, तिथे लहान-मोठी दोन्ही कुत्री जास्त आक्रमक होती. लहान कुत्र्यांमध्ये शिक्षेबरोबर भीतीही वाढलेली दिसली. याचं कारण समजणं अवघड नाही. रॉटवायलर गुरगुरला तर घरातले त्याच दिवशी ट्रेनरला फोन करतात. चिवावा गुरगुरला तर त्याचा व्हिडिओ काढतात. त्या व्हिडिओतल्या जिवाला खरोखर धास्ती वाटत असते, म्हणून ते हसण्यावारी नेणं मला पटत नाही.

फ्लॅटमधल्या पिल्लांची एक अडचण आणखी आहे. जग ओळखून घ्यायचा कुत्र्याचा सर्वांत नाजूक काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. नेमकं याच दिवसांत लसी पूर्ण व्हायच्या असतात, म्हणून पिल्लू चौथ्या महिन्यापर्यंत घराबाहेर पडत नाही. पहिल्यांदा खाली उतरतं तेव्हा हा नाजूक काळ जवळजवळ सरलेला असतो. अशा पिल्लाला कडेवर घेऊन रोज खाली न्यावं, लांबून निरनिराळी कुत्री, रिक्षा, शाळेची मुलं दाखवावीत; आणि डॉक्टरांना विचारून लसी झालेल्या, शांत स्वभावाच्या एखाद्या मोठ्या कुत्र्याशी गाठ घालून द्यावी.

आता पट्ट्याकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. मोकळी असलेली दोन कुत्री एकमेकांकडे सहसा सरळ रेषेत जात नाहीत. वळण घेतात, नजर चुकवतात, मध्येच जमीन हुंगतात, मग बाजूने येऊन मागचा वास घेतात. नको असेल तर निघून जातात. अरुंद फुटपाथवर, दीड मीटरच्या पट्ट्याला बांधलेली कुत्री यातलं काहीच करू शकत नाहीत. नाकासमोर नाक येतं, नजर भिडते, आणि कुत्र्यांच्या रीतीत हा उद्धटपणा ठरतो. समोरचं कुत्रं दिसताच आपण घाबरून पट्टा आवळतो. गळपट्टा घशात रुततो, पुढचे पाय उचलले जातात, छाती पुढे येते. समोरच्याला ते अंगावर यायच्या तयारीत असलेलं कुत्रं दिसतं, आणि आपल्या कुत्र्याला समोरचं कुत्रं दिसलं की गळा दुखतो हे कळतं. चेक प्रजासत्ताकातल्या ब्र्नो शहरात फिरायला आलेल्या कुत्र्यांच्या भेटींचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पट्ट्यावरच्या कुत्र्यांमध्ये धमकावण्याचे प्रकार मोकळ्या कुत्र्यांच्या दुप्पट होते. म्हणून पट्टा सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्या रस्त्यांवर तो हवाच. पण तो ढिला राहील एवढं अंतर समोरच्यापासून ठेवलं पाहिजे. बटण दाबलं की लांबत जाणारा दोरीचा पट्टा गर्दीत घेऊन जाणं मात्र मला सरळसरळ चुकीचं वाटतं. पाच मीटरवर गेलेला कुत्रा तुमच्या ताब्यात नसतो.

काकूंनी पॉमला उचललं तेव्हा काय झालं? त्यांच्या दृष्टीने त्यांनी जीव वाचवला. लॅबच्या दृष्टीने, इतका वेळ जमिनीवर असलेली चीज अचानक हवेत गेली, वळवळायला आणि केकाटायला लागली. हलणाऱ्या, चिरकणाऱ्या छोट्या वस्तूमागे जाणं हे शिकारी प्राण्याच्या अंगातच असतं. एरवी मायाळू असलेला कुत्राही अशा क्षणी वर झेप घेतो. लॅब पॉमला कुत्रा म्हणून ओळखत नाही, असं मात्र नाही. फ्रान्समध्ये नऊ कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात त्यांनी नुसत्या चेहऱ्यांच्या चित्रांवरून, कोणत्याही जातीचा असो, कुत्रा इतर प्राण्यांपासून वेगळा ओळखला होता. ओळख असते, पण पाठलागाची ऊर्मी कधीकधी तिच्यावर मात करते. खरोखर मोकाट कुत्रं अंगावर येत असेल तर उचलावंच लागतं. तेव्हा पाठ फिरवावी, कुत्र्याचं तोंड आपल्या काखेकडे वळवावं आणि न धावता चालत राहावं. समोरचं कुत्रं पट्ट्यावर असेल, तर उचलण्यापेक्षा लवकर वळून पार्क केलेल्या गाड्यांच्या पलीकडून जाणं कितीतरी बरं.

कुत्र्यांना एकमेकांचा अंदाज आपल्याला वाटतो त्याहून चांगला असतो. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१० साली कुत्र्यांना गुरगुरण्याचा आवाज ऐकवला आणि समोर लहान-मोठ्या आकारांची कुत्र्यांची चित्रं दाखवली. कुत्र्यांची नजर आवाजाशी जुळणाऱ्या आकाराकडे जास्त वळली. लहान शरीराला हा आवाज लपवता येत नाही, वासाच्या खुणेत मात्र थोडी चलाखी करता येत असावी. कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१८ सालच्या अभ्यासात लहान नर कुत्रे मूत्राची खूण करताना तंगडी मोठ्यांपेक्षा जास्त कोनात वर उचलताना आढळले. खूण उंचावर गेली की ती मोठ्या कुत्र्याची वाटावी, असा एक अर्थ संशोधक लावतात. म्हणून खांब आणि टायर हुंगताना कुत्र्याला ओढू नका. समोरासमोर न येता होणारी ही ओळख सर्वांत सुरक्षित आहे.

आता मोठ्या कुत्र्यांच्या पालकांसाठी, आणि इथे मी जरा आग्रहाने बोलणार आहे. "आमचा काही करत नाही" हे वाक्य खरं असलं तरी पुरेसं नाही. ३५ किलोंच्या कुत्र्याने खेळात टाकलेला पंजा ३ किलोंच्या कुत्र्याला बारा पट वजनाने बसतो. छोट्या जातींच्या पुढच्या पायाची हाडं काडीसारखी असतात. सोफ्यावरून उडी मारतानाही ती मोडतात. समजूतदार मोठे कुत्रे लहानांशी खेळताना स्वतः आडवे पडतात, जोर कमी लावतात, पण ही समज प्रत्येकाला असते असं नाही आणि पहिल्या भेटीत ती गृहीत धरता येत नाही. कायदाही ताब्याबद्दलच बोलतो. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण पाळलेल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पावसाळ्यात हा प्रश्न चिघळतो. चार महिने सगळी कुत्री पोडियमवर किंवा पार्किंगमध्ये फिरतात, खांबांच्या आडून अचानक समोर येतात, आणि लिफ्टचं दार उघडलं की आत दुसरं कुत्रं असतं. यावर साधा उपाय वेळा वाटून घेण्याचा आणि लिफ्टमध्ये एका वेळी एकच कुत्रं नेण्याचा. कुत्र्याला शिकवायचं ते अंतर ठेवून. समोरचं कुत्रं दिसतंय पण आपलं अजून भुंकत नाही, अशी जागा शोधायची. तिथे ते दिसताच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा, ते दिसेनासं झालं की थांबायचं. हळूहळू समोरचं कुत्रं म्हणजे काहीतरी चांगलं मिळणार, असं गणित त्याच्या डोक्यात बसतं. भुंकायला लागलं तर आपण जास्त जवळ गेलो आहोत, एवढाच त्याचा अर्थ. ओरडू नका, मागे या.

आणि एवढं करूनही मोठ्या कुत्र्याने छोट्याला तोंडात धरलंच, तर मधे हात घालू नका. माणसाला दात लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जा. छोट्या कुत्र्याच्या अंगावर बऱ्याचदा दोनच बारीक भोकं दिसतात, रक्तही फारसं येत नाही, आणि घरचे हळद लावून मोकळे होतात. मोठा कुत्रा धरून झटकतो तेव्हा सैल कातडी त्याच्या दाताबरोबर सरकते, पण खालचे स्नायू फाटतात, फासळ्या मोडतात, कधी फुप्फुसाला किंवा आतड्याला इजा होते. त्यामुळे कुत्रं चालत घरी आलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन छाती-पोटाचा एक्स-रे काढायला हवा. श्वास जोरात चालला असेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील किंवा पोटाला हात लावू देत नसेल, तर संध्याकाळपर्यंतही थांबू नका.