"ब्रेक!" पण कोणी?

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ वैमानिकांच्या आठवणींत एक प्रसंग पुन्हा पुन्हा भेटतो. हेडफोनमध्ये कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडतं, "ब्रेक!" म्हणजे झटक्यात वळ, शत्रू शेपटीला लागलाय. पण ओरडणारा घाईत नावच घेत नाही. मग ऐकणारे सगळेच वळतात आणि स्क्वाड्रनची, म्हणजे विमानांच्या अख्ख्या तुकडीची, पांगापांग होते.

ऐकू आलं हेच नशीब म्हणायचं. १९४० साली ब्रिटनच्या लढाईत, म्हणजे ब्रिटनवरच्या जर्मन हवाई हल्ल्यांच्या काळात, स्पिटफायर आणि हरिकेन या बहुतेक ब्रिटिश लढाऊ विमानांत टीआर-९डी हा रेडिओ असे. जमिनीशी त्याचा पल्ला जेमतेम ५०-६० किलोमीटर, दोन विमानांत त्याहूनही कमी. काही विमानांत 'पिपस्क्वीक' चालू असे. विमान कुठे आहे ते जमिनीवरच्या दिशाशोधक केंद्रांना कळावं म्हणून ही यंत्रणा दर मिनिटाला १४ सेकंद ट्रान्समीटर स्वतःकडे घ्यायची. तेवढा वेळ वैमानिक मुका!

खरा गोंधळ मात्र भौतिकशास्त्राचा. अख्खी स्क्वाड्रन एकाच चॅनेलवर, आणि रेडिओ एएम पद्धतीचा. दोघं एकदम बोलले की त्यांच्या वाहक लहरी, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरी, एकमेकींत मिसळतात. दोन्हींच्या वारंवारितेत हजार हर्ट्झचा फरक असला, तर कानात हजार हर्ट्झचीच शिट्टी वाजते आणि दोघांचेही शब्द तिच्याखाली गाडले जातात. एखाद्याचं बटण चुकून 'बोला'वर राहिलं, तर त्याच्या शिव्या सगळ्यांना ऐकू जायच्या आणि बाकीच्यांची तोंडं बंद. तरीही विमानवाहतूक आजही एएमच वापरते. एफएममध्ये जोरकस संदेश दुबळ्याला गिळून टाकतो, दुसरं कुणी बोलत होतं याचा पत्ताही लागत नाही. शिट्टी निदान तेवढं तरी सांगते.

जर्मन वैमानिक गळ्याला मायक्रोफोन बांधत. तो घशाची थरथर टिपतो, त्यामुळे इंजिनाची घरघर बरीचशी बाहेर राहते. पण 'स', 'श', 'फ' तयार होतात दात-ओठ-टाळूपाशी. तिथले ध्वनी गळ्यापर्यंत नीट पोचतच नाहीत. एवढं करून १९४०च्या त्या लढाईत त्यांच्या लढाऊ विमानांना ज्या बॉम्बर्सची राखण करायची, त्यांच्याशी थेट बोलायची सोयच नव्हती.

जपानी झीरो विमानातला रेडिओ तर इतका खरखरायचा, की साबुरो साकाई या नामांकित वैमानिकानं तो काढूनच टाकला. अँटेनाचा लाकडी खांबही करवतीनं कापला. तेवढंच वजन कमी. मग बोलायचं कसं? हातानं खुणा करून, नाहीतर पंख हलवून.