कंत्राटी स्टाफची पडताळणी शाळेची जबाबदारी नाही?

ठाण्यात पालकांच्या ग्रुपवर कायम फिरतं की सफाईवाले, बसमधल्या ताई एजन्सीच्या, त्यांची पडताळणी एजन्सी बघेल, शाळेचा काय संबंध. साफ चूक. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) नियम 2020 मध्ये सरळ लिहिलंय, शिक्षक असो की शिपाई, कायम असो की कंत्राटी, मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाचं पोलिस व्हेरिफिकेशन आणि बॅकग्राउंड चेक शाळेसारख्या संस्थेनंच करून घ्यायचं, तेही ठराविक काळानं परत परत. 2024 च्या बदलापूर प्रकरणातला आरोपी कंत्राटीच होता ना!

आणि नुसत्या पोलिसांच्या दाखल्यावर भागत नाही हो, त्यात पोलिसांकडे नोंद असलेलंच येणार, आधीच्या शाळेनं गुपचूप राजीनामा घेऊन वाटेला लावलेला माणूस तिथे कोराच दिसतो. म्हणून जुन्या मुख्याध्यापकांना फोन लावायचा, शाळेच्या लँडलाइनवर, उमेदवारानं दिलेल्या मोबाइलवर नाही, आणि थेट विचारायचं, मुलांबाबत काही तक्रार होती का, याला परत घ्याल का?