आईची ड्यूटी आणि घरादाराची झोप

मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून महाराष्ट्रात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवावेत, असा आदेश राज्य शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये काढला. आदेश योग्यच आहे. मात्र झोप सकाळी मोडते तशी ती रात्री लांबतेही, आणि घरातले दिवे केव्हा मालवणार हे पुष्कळदा आईच्या ड्यूटीवर ठरते. दुपारच्या ड्यूटीची परिचारिका रात्री आठला सुटून नऊच्या पुढे घरी पोहोचते, तेव्हा कणीक भिजवायची असते, ट्यूबलाइट लख्ख असते आणि मूल तिची वाट पाहत जागे असते.

हे जागरण निव्वळ लाडाचे नसते. डोळ्यांच्या पडद्यात मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही चेतापेशी असतात आणि 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाने त्या सर्वाधिक उत्तेजित होतात. त्यांचा संदेश मेंदूतील सुप्राकायझमॅटिक केंद्रकाला, म्हणजे सुमारे 20,000 चेतापेशींच्या मुख्य जैविक घड्याळाला मिळतो, आणि पिनियल ग्रंथीतून होणारा मेलॅटोनिनचा, म्हणजे रात्र झाल्याचे शरीराला कळवणाऱ्या संप्रेरकाचा, स्राव रोखला जातो. शिवाय घड्याळही पुढे सरकते, त्यामुळे दुसऱ्या रात्री झोप आणखी उशिरा येते. मुलांच्या डोळ्यांतील बाहुल्या मोठ्या आणि नेत्रभिंगे नितळ असल्याने त्यांच्या पडद्यावर अधिक प्रकाश पोहोचतो; 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात त्याच दिव्यांखाली प्राथमिक शाळेतील मुलांचे मेलॅटोनिन प्रौढांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात दबले. अशा मुलावरून मीठ-मोहरी ओवाळून काही साधत नाही. जेवणानंतर दिवे मंद करावे लागतात.

रात्रपाळी करून आलेल्या आईची अडचण वेगळी असते. रात्रभरात मेंदूत अ‍ॅडिनोसिन हे झोपेची ओढ वाढवणारे रसायन साचल्याने तिला पडल्या पडल्या झोप लागते, पण घड्याळ दिवस उजाडल्याचे बजावत राहते आणि काही तासांतच ती जागी होते. दमलेल्या माणसाला कधीही गाढ झोप लागते, हा समज म्हणूनच खरा नाही. त्यातून ती घरात दिसली की कामे तिच्याकडेच येतात: 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष 88. झोपमोडीचे खापर आईच्या नोकरीवर फोडणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

पाळ्या लावणाऱ्यांच्या हातीही बरेच काही आहे. माणसाचे जैविक घड्याळ सरासरी 24 तासांपेक्षा किंचित लांब असल्याने ते मागे ओढण्यापेक्षा पुढे सरकवणे सोपे जाते; म्हणून सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने फिरणाऱ्या पाळ्या उलट क्रमाच्या पाळ्यांपेक्षा शरीराला सोसतात.