लसूण घातलेलं खाद्य आणि अँटिबायोटिक: एकाच्या जागी दुसरं चालत नाही

‘लसूण म्हणजे नैसर्गिक अँटिबायोटिक.’ मत्स्यपालकांमध्ये हे वाक्य तोंडोतोंडी फिरतं, पावडरीच्या पाकिटांवरही छापलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवून शेततळ्यातल्या रोहूच्या अंगावर लाल चट्टे उठले की माणसं खाद्यात लसूण कालवायला घेतात. मासे मरायचे ते मरतातच. मग तीच माणसं सांगतात की वनस्पतींचा काही उपयोग नसतो. हेही तितकंच चुकीचं आहे, आणि दोन्ही चुका त्या एका वाक्यातून निघतात.

अँटिबायोटिक काय करतं ते बहुतेकांना ठाऊक आहे. ते जिवाणूला मारतं किंवा त्याची वाढ रोखतं. विषाणूवर किंवा माशांच्या उवांवर चालत नाही. रोगाचं निदान झाल्यावर, तज्ज्ञाच्या सल्ल्यानं, ठरावीक दिवस द्यायचं आणि विक्रीच्या पुरेसं आधी थांबवायचं. भारतात ऑक्सिटेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचा अंश माशात किलोमागे 0.1 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान अजिबात चालत नाहीत आणि मत्स्यशेतीत कोलिस्टिनवर 2019 पासून बंदी आहे.

खरा घोटाळा वनस्पतींबाबत होतो, आणि त्याची सुरुवात प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत होते. बशीत एरोमोनास हायड्रोफिला हा माशांना आजारी पाडणारा जिवाणू वाढवायचा, मधोमध लसणाच्या अर्काचा थेंब ठेवायचा. थेंबाभोवती जिवाणू नसलेलं स्वच्छ वर्तुळ तयार होतं. त्याचा फोटो सगळीकडे पोचतो आणि लसूण जिवाणू मारतो हे सिद्ध झालं असं लोक धरून चालतात. बशीत तो मारतोच. पण माशाच्या रक्तात काय पोचतं, याचा हिशोब कोणी करत नाही. एक किलो खाद्यात 10 ग्रॅम लसूण घातला आणि मासे रोज वजनाच्या अडीच टक्के खाद्य खातात असं धरलं, तर एक किलो माशांना मिळतो पाव ग्रॅम लसूण. त्यातलं बरंचसं आतड्यात आणि यकृतात बदलून जातं. आतड्यातल्या जिवाणूंवर त्याचा थोडा थेट परिणाम होतही असेल. पण रक्तात शिरून अंतर्गत अवयव पोखरणाऱ्या एरोमोनासला बशीतल्यासारखं घेरायला ते पुरत नाही.

मग प्रयोगांत लसूण, हळद, तुळस, गुळवेल खाल्लेले मासे जास्त का वाचतात? कारण तिथं वनस्पती माशावर काम करते, जिवाणूवर नाही. माशाला अस्थिमज्जा नसते. त्याच्या रक्तपेशी मुख्यतः मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात तयार होतात. योग्य मात्रेत दिलेल्या वनस्पतींनी जिवाणू गिळणाऱ्या पेशी अधिक तत्पर होतात, रक्तात आणि अंगावरच्या बुळबुळीत थरात लायसोझाइम, म्हणजे जिवाणूंची भिंत फोडणारं विकर (एन्झाइम), वाढतं. ही तयारी एका दिवसात होत नाही, तिला आठवडे लागतात. म्हणून या प्रयोगांचा क्रम नीट पाहा: आधी काही आठवडे वनस्पती घातलेलं खाद्य, मगच जिवाणूचं इंजेक्शन. आपले लोक हाच क्रम उलटा करतात.

उलट्या क्रमात आणखी एक अडचण आहे, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: आजारी मासा खात नाही. पोट फुगलेला, खवले उभे राहिलेला मासा कडेला सुस्त पडून असतो. तुम्ही टाकलेलं लसणाचं खाद्य धडधाकट मासे खातात, उरलेलं तळाशी कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू आणखी घटतो. अँटिबायोटिकच्या खाद्यालाही हीच मर्यादा आहे, म्हणून तेही लवकर, बहुतेक मासे खात असतानाच द्यावं लागतं.

जास्त घातलं म्हणजे जास्त फायदा, हा समज तर मला अजिबात सहन होत नाही. रोहूवरच्या एका भारतीय प्रयोगात खाद्यात किलोमागे 1, 5 आणि 10 ग्रॅम लसूण 60 दिवस दिला होता. जिवाणू टोचल्यावर सर्वाधिक मासे वाचले ते 1 ग्रॅमच्या गटात. लसूण न खाल्लेल्यांपेक्षा तिन्ही गट बरे होते, पण मात्रा वाढली तसा फायदा घटत गेला.

मात्रेचा हिशोबही वेगळा. अँटिबायोटिक माशाच्या वजनावर मोजतात, वनस्पती खाद्याच्या वजनावर. लसीशीही याची गल्लत नको: लस एका ठरावीक जंतूची ओळख शरीरात ठेवते, वनस्पती तशी ओळख ठेवत नाहीत.

माझी पसंती साध्या गोष्टींना आहे, वीस वनस्पतींचं नाव छापलेल्या महाग पाकिटांना नाही. लसूण ठेचून थोडा वेळ तसाच ठेवावा. त्यातला जिवाणू मारणारा घटक, ॲलिसिन, ठेचल्यावरच तयार होतो. उकळू नये, उष्णतेनं तो बनवणारं विकरच नष्ट होतं. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती थोड्या तेलात कालवून तयार गोळी खाद्यावर चोळावी आणि खाद्य सावलीत सुकवावं. सुरुवात धोका येण्याआधी तीन-चार आठवडे करावी: थंडीच्या तोंडावर, किंवा जाळं ओढून मासे हलवायचे असतील त्याआधी. तळ्यात गर्दी असेल आणि पहाटे मासे वर येऊन तोंड मारत असतील, तर आधी संख्या कमी करा, पाणी सुधारा. प्राणवायूची कमतरता कुठल्याही पुडीनं भरून निघत नाही.

मासे मरायला लागलेच असतील तर लसूण बाजूला ठेवा. खाद्य थांबवा, शक्य तेवढं ताजं पाणी सोडा, मेलेले मासे काढून पुरून टाका. चार-पाच आजारी पण जिवंत मासे तपासणीसाठी न्या. मरून तरंगणाऱ्या माशात कुजवणारे जिवाणू इतके वाढलेले असतात की मूळ जिवाणू सापडत नाही. मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, जिल्ह्यात मत्स्यव्यवसाय विभागाचं कार्यालय आहे. नमुना कुठे द्यायचा ते तिथे विचारा. कोणतं अँटिबायोटिक त्या जिवाणूवर चालतं याची चाचणी मागा, आणि ती हातात येईपर्यंत दुकानदारानं सुचवलेलं औषध तळ्यात टाकू नका.