प्लेअर ऑफ द इयर वेगळा आणि फायनल फोरचा एमओपी वेगळा

एप्रिल उजाडला की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर तीच ती ओरड सुरू होते. ‘ज्याची टीम पहिल्याच फेरीत गारद झाली, त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू कसा काय ठरवलं?’ चार दिवस जातात आणि तीच मंडळी उलट बाजूने भांडायला येतात. ‘हा तर वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू होता ना, मग फायनलनंतरची ट्रॉफी त्या दुसऱ्या पोराला का?’ न्यू जर्सीत किंवा बे एरियात नोकरी करणारी आपली मराठी मंडळी ऑफिसच्या पैजेत हौसेने ब्रॅकेट, म्हणजे स्पर्धेत कोण कोणाला हरवणार याचा तक्ता, भरतात, आणि या घोळात तीही मागे नाहीत. म्हणून एकदा हे दोन पुरस्कार शेजारी-शेजारी ठेवतो.

प्लेअर ऑफ द इयर म्हणजे काय हे सांगत बसत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. मोसमभर जो सगळ्यात भारी खेळला तो. एवढंच लक्षात असू द्या की हा एक पुरस्कार नाही, पाच-सहा संस्थांचे वेगवेगळे आहेत. असोसिएटेड प्रेसचा (एपी) १९६१ पासूनचा, ज्यांनी १८९१ साली हा खेळ शोधून काढला त्या जेम्स नेस्मिथ यांच्या नावाचा १९६९ पासूनचा, आणि यूसीएलएला दहा विजेतेपदं मिळवून देणारे प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या नावाचा १९७७ पासूनचा. शिवाय बास्केटबॉल लेखकांच्या संघटनेचा ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने दिला जाणारा. बहुतेक वर्षी सगळे एकाच खेळाडूला मिळतात. कधीतरी फाटे फुटतात. २०१६ मध्ये नेस्मिथ आणि वुडन बडी हील्डला मिळाले, एपीचा डेन्झेल व्हॅलेंटाइनला. यातला कुठला पुरस्कार ‘खरा’ यावर वाद घालणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार.

दुसरा पुरस्कार एनसीएए स्पर्धेतला (कॉलेज संघांची राष्ट्रीय बाद पद्धतीची स्पर्धा), मोस्ट आउटस्टँडिंग प्लेअर, थोडक्यात एमओपी. तो १९३९ च्या पहिल्या स्पर्धेपासून दिला जातो. पत्रकारांचं पॅनेल फायनलच्या रात्रीच मतं देतं आणि विजेत्यांचा रिंगची जाळी कापण्याचा सोहळा चालू असतानाच नाव कळतं. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची सकाळ झालेली असते.

इथवर कुणी अडखळत नाही. अडखळायला होतं ते एकाच ठिकाणी: कोणत्या पुरस्कारासाठी कुठले सामने मोजतात? या एका गोष्टीवर मी जरा जास्त जागा खर्च करणार आहे, कारण बाकीचे सगळे वाद इथूनच निघतात.

आपण क्रिकेटवाले. मोठी स्पर्धा म्हटली की ‘प्लेअर ऑफ द टूर्नामेंट’ आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो. २०२३ च्या विश्वचषकात विराट कोहलीने ७६५ धावा केल्या. अहमदाबादच्या फायनलमध्ये भारत हरला, ट्रॅव्हिस हेडने १३७ मारले, सामनावीर हेड झाला. पण मालिकावीर कोहलीच राहिला. कारण तो पुरस्कार पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंतचा हिशेब असतो. हाच चष्मा लावून आपण एमओपीकडे बघतो आणि तिथेच फसतो. एमओपी हा सबंध स्पर्धेचा पुरस्कार नाही, तो फायनल फोरचा, म्हणजे शेवटच्या चार संघांचा आहे. शनिवारची सेमीफायनल आणि सोमवारची फायनल, असे दोन सामने. त्याआधी त्या पोराने चार सामन्यांत काय दिवे लावले हे मतदाराच्या मनात असेलही, पण हिशेबात नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर २००८ चा स्टीफन करी बघा. दहाव्या मानांकनाच्या (स्पर्धेचे चार विभाग, प्रत्येकात मानांकनं एक ते सोळा) डेव्हिडसन कॉलेजला त्याने जवळपास एकट्याने एलिट एटपर्यंत, म्हणजे शेवटच्या आठ संघांत, खेचलं. गोन्झागाविरुद्ध ४०, जॉर्जटाउनविरुद्ध ३०, विस्कॉन्सिनविरुद्ध ३३, आणि कॅन्ससविरुद्ध ५९-५७ अशा निसटत्या पराभवात २५ गुण. त्या मार्चमध्ये याहून रंगतदार काही घडलं नाही. पण फायनल फोरचं दार उघडलंच नाही, त्यामुळे एमओपीच्या शर्यतीत त्याचं नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला मिळाला मिडवेस्ट विभागाचा एमओपी. (हो, प्रत्येक विभागाचा वेगळा असतो, कॉलेजांच्या प्रत्येक गटाच्या, म्हणजे कॉन्फरन्सच्या, स्पर्धेचाही असतो. तेही लोक एकमेकांत मिसळतात, पण तो वैताग पुन्हा कधीतरी.) फायनल फोरचा एमओपी झाला कॅन्ससचा मारिओ चाल्मर्स. मेम्फिसविरुद्धच्या फायनलमध्ये शेवटच्या काही सेकंदांत त्याने तीन गुणांचा शॉट मारून सामना जादा वेळेत नेला, आणि त्या वर्षाचं नाव त्याचं झालं.

आता उलट बाजू. प्लेअर ऑफ द इयरसाठी कुठले सामने मोजतात? नोव्हेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंतचे, म्हणजे तिसाच्या वर. एपीचे मतदार एनसीएए स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच मतपत्रिका देऊन मोकळे होतात. वुडनच्या मतदारांना सुरुवातीच्या फेऱ्या विचारात घेण्याची मुभा असते, तेवढाच फरक. निकाल मात्र फायनल फोरच्या आसपास जाहीर होतो, आणि सगळा गोंधळ या मधल्या दोन-तीन आठवड्यांत शिजतो. मतं पडतात एका जगात, नाव वाचलं जातं दुसऱ्याच जगात.

मार्च २०२२ मध्ये केंटकीचा ऑस्कर शीब्वे देशातला सर्वोत्तम खेळाडू होता यावर फारसं दुमत नव्हतं. पहिल्याच फेरीत पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सने केंटकीला जादा वेळेत ८५-७९ असं हरवलं. पुढच्या मार्चमध्ये पर्ड्यूचा झॅक ईडी. सात फूट चार इंच उंचीचा धिप्पाड गडी, संघाला अव्वल मानांकन, आणि पहिल्याच सामन्यात सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ ने हार. दोघांनाही पुढे सगळे मोठे पुरस्कार मिळाले आणि दोन्ही वेळा ‘आता कशाला देताय?’ म्हणून आरडाओरडा झाला. अहो, आता नाही दिला, आधीच देऊन झाला होता! आणि त्या हरलेल्या सामन्यांचे आकडे तरी बघा. शीब्वेचे ३० गुण आणि १६ रिबाउंड (शॉट हुकल्यावर पकडलेले चेंडू), ईडीचे २१ आणि १५. समजा ते सामने मोजले असते, तरी माझं मत बदललं नसतं. संघ हरणं आणि खेळाडू कमी पडणं या दोन गोष्टी एकच मानणारा माणूस मला कुठल्याच खेळात सहन होत नाही.

दोन्ही मोजपट्ट्या एकमेकींपासून किती लांब आहेत हे २०१८ मध्ये एकाच संघात दिसलं. व्हिलानोव्हाचा जेलन ब्रन्सन प्लेअर ऑफ द इयर, आणि व्हिलानोव्हाच विजेता. आता तरी दोन्ही पुरस्कार एका कपाटात जातील असं वाटावं. पण मिशिगनविरुद्धच्या फायनलमध्ये ब्रन्सनला फाउल्सनी बांधून ठेवलं, ९ गुणांवर भागलं, आणि बाकावरून उठून आलेल्या डॉन्टे डिव्हिन्चेन्झोने ३१ गुण ठोकले. एमओपी तो. मोसमभर जो पहिल्या पाचातही नियमित नव्हता, तो एका रात्रीत एमओपी! यात अन्याय शोधणाऱ्यांना हा पुरस्कार कळलेलाच नाही. दोन सामन्यांची परीक्षा आहे, त्या दिवशी ज्याने पेपर चांगला लिहिला तो पहिला.

दोन म्हणजे दोन, नुसती फायनल नव्हे, हेही ध्यानात ठेवा. २०२५ च्या फायनलमध्ये फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन पहिल्या अर्ध्यात शून्यावर होता, एकूण ११ गुण. त्याच्याच संघातल्या विल रिचर्डने १८ केले. तरी एमओपी क्लेटन, कारण सेमीफायनलमध्ये ऑबर्नविरुद्ध त्याने ३४ गुण केले होते, आणि ह्यूस्टनविरुद्धच्या ६५-६३ च्या फायनलमध्ये अखेरच्या क्षणी समोरच्याला शॉटच घेऊ दिला नाही. मला हा निर्णय शंभर टक्के पटतो.

मग अंदाज बांधताना याचा उपयोग काय? पहिली गोष्ट, प्लेअर ऑफ द इयर ज्या संघात आहे त्याला डोळे मिटून विजेता लिहिणं बंद करा. २००१ ते २०२५ या काळात २४ स्पर्धा झाल्या (२०२० ची कोविडमुळे झालीच नाही). त्यांत नेस्मिथ विजेत्याच्या संघाने जेतेपद पटकावलं ते फक्त तीनदा: २००१ चा शेन बॅटिए, २०१२ चा अँथनी डेव्हिस, २०१८ चा ब्रन्सन. एमओपीही त्यालाच मिळाला असं दोनदाच, बॅटिए आणि डेव्हिस. डेव्हिसचा तर फायनलमध्ये दहापैकी एकच शॉट आत गेला, गुण ६; पण १६ रिबाउंड, ६ ब्लॉक (अडवलेले शॉट) आणि ५ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) बघितल्यावर कोणाची बोलायची टाप नव्हती. कूपर फ्लॅगसारखा खेळाडू असूनही ड्यूक २०२५ च्या सेमीफायनलमध्ये ह्यूस्टनसमोर ७०-६७ ने गेला. एकदा हरलात की खेळ खलास, अशा सहा सामन्यांत एका खेळाडूचं मोठेपण किती पुरणार? आणि तो किती भारी आहे हे स्पर्धेच्या निवड समितीने मानांकन देताना धरलेलंच असतं. तुम्ही त्याचे वेगळे मार्क द्यायला गेलात तर एकाच गोष्टीचे मार्क दोनदा दिलेत.

दुसरी गोष्ट, एमओपीचा अंदाज बांधायचा तर आधी विजेता संघ ठरवा, नाव मग शोधा. नियमात कुठेही लिहिलेलं नाही, पण हरलेल्या संघातला शेवटचा एमओपी १९८३ चा: ह्यूस्टनचा आकीम ओलाजुवॉन, जो पुढे हकीम म्हणून गाजला. फायनलमध्ये २० गुण, १८ रिबाउंड, आणि संघ नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून शेवटच्या क्षणाच्या डंकवर (चेंडू हाताने थेट रिंगमध्ये आदळून) ५४-५२ ने हरला. त्याआधी विल्ट चेम्बरलेन, जेरी वेस्ट यांनाही हरून मिळालेला. त्यानंतर एकही नाही. २०२४ च्या फायनलमध्ये ईडीने ३७ गुण केले; पर्ड्यू ७५-६० ने हरलं आणि एमओपी युकॉनचा (कनेटिकट विद्यापीठ) ट्रिस्टन न्यूटन, फायनलमधले गुण २०. म्हणजे कोहलीसारखा हरूनही मानकरी ठरण्याचा रस्ता इथे गेली चाळीसेक वर्षं बंदच आहे. मला विचाराल तर हा या पुरस्काराचा दोष आहे. ईडीला द्यायला हवा होता असं नाही म्हणत, पण मतदार हरलेल्यांकडे बघायलाही तयार नाहीत हे बरं नाही.

संघ ठरला की मग गार्डकडे, म्हणजे चेंडू खेळवत नेणाऱ्या चपळ खेळाडूकडे बघा, ही माझी आवड म्हणा किंवा खोड. २०२१ ते २०२४ चे प्लेअर ऑफ द इयर गार्झा, शीब्वे आणि दोनदा ईडी, सगळे रिंगखाली राज्य करणारे आडदांड. त्याच वर्षांतले एमओपी जॅरेड बटलर, ओचाय अग्बाजी, अदामा सनोगो आणि न्यूटन. यांत मोठ्या चणीचा एकटा सनोगो. शेवटच्या चार मिनिटांत चेंडू गार्डच्या हातात असतो आणि मतदारांची नजर चेंडूवर.

आणि एक चीड ओकून टाकतो. ब्रॅकेटॉलॉजी नावाचा जो प्रकार फेब्रुवारीत चालतो, ईएसपीएन वाहिनीचे जो लुनार्डी ज्यासाठी प्रसिद्ध आहेत, तो कोण जिंकणार याचा अंदाज नाही. निवड समिती कुठले ६८ संघ घेणार आणि कोणाला कितवं मानांकन देणार, एवढाच तो अंदाज. समितीच्या मनातलं ओळखणं हे एक कसब, सामन्याचा निकाल ओळखणं हे दुसरं. ‘लुनार्डींनी त्यांना अव्वल मानांकन दिलं होतं, मग हरले कसे?’ असं विचारणाऱ्याला काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही.

हे सगळं पुरुषांच्या स्पर्धेपुरतं. महिलांकडे बलाढ्य संघ सहसा लवकर हरत नाहीत, त्यामुळे दोन्ही पुरस्कार एकीकडे जाण्याची शक्यता बरीच जास्त. युकॉनच्या ब्रिआना स्टुअर्टने २०१४ ते २०१६ सलग तीन वर्षं दोन्ही नेले, साउथ कॅरोलिनाच्या अलाया बॉस्टनने २०२२ मध्ये. तिथे प्लेअर ऑफ द इयरच्या संघाला विजेता लिहिलंत तर मी नावं ठेवणार नाही. मात्र आयोवाची केटलिन क्लार्क २०२३ आणि २०२४ अशी दोन्ही वर्षं प्लेअर ऑफ द इयर, दोन्ही फायनलमध्ये तीस-तीस गुण, दोन्ही वेळा संघ हरला, आणि एमओपी झाल्या एलएसयूची एंजल रीस आणि साउथ कॅरोलिनाची कमिला कार्डोसो. २०२५ मध्ये यूएससीच्या जूजू वॉटकिन्सचा गुडघा दुसऱ्या फेरीतच गेला आणि मोसम संपला. एपीच्या मतपत्रिका तोवर जमा झालेल्या होत्या. फायनल फोरच्या आठवड्यात पुरस्कार तिलाच जाहीर झाला, आणि त्या रविवारी एमओपी मिळाला युकॉनच्या अझी फडला.