पार्किन्सन्सच्या रुग्णाची मान आणि कायरोप्रॅक्टिकचा झटका

पार्किन्सन्स म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर थरथरणारा हात येतो; पण हा आजार घेऊन जगणाऱ्या अनेकांना कंपापेक्षा मानेच्या ताठरपणाचा जाच अधिक होतो. दादर स्थानकात गाडीचा इंडिकेटर पाहायचा तर मान वर करावी लागते, आणि मान पुढे झुकून तशीच आखडलेल्या माणसाला त्यासाठी कमरेपासून मागे रेलावे लागते, त्यात तोल जातो. मागून कोणी हाक मारली तर नुसती मान वळत नाही, सगळे शरीर एकसंध वळवावे लागते, आणि गर्दीत असे वळताना पाय जागीच खिळतात. अशा वेळी घरातले कोणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवते: एका बाजूला वळवलेली मान, उपचारकाच्या हाताचा एक झटका, कडकन आवाज आणि पाठोपाठ रुग्णाच्या चेहऱ्यावरचे हसू. मणक्यांना हाताने झटका देण्याचा हा कायरोप्रॅक्टिक उपचार आपल्या माणसाला द्यावा का, हा प्रश्न रास्त आहे, पण मान मुळात कशामुळे आखडते हे समजल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

लंडनमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले, तेव्हा शरीर पुढे झुकण्याची रुग्णांची प्रवृत्ती त्यांनी आवर्जून नोंदवली होती. मेंदूच्या मध्यभागी सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक लहानसा गडद भाग असतो. तेथील पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात आणि त्याच्या आधारावर स्नायूंचा ताण कमी-जास्त होत असतो. आजाराची लक्षणे दिसू लागतात तोपर्यंत यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पेशी नष्ट झालेल्या असतात. मग स्नायूंना सैल पडण्याची सूचना नीट मिळत नाही, आणि मान, खांदे व पाठ कायम ताणलेली राहतात.

हा ताठरपणा नेमका कुठून येतो, हे न्यूरॉलॉजिस्टच्या तपासणीत अगदी स्पष्ट दिसते. डॉक्टर रुग्णाचे मनगट हातात धरून सावकाश गोल फिरवतात. मनगट सरळ फिरत नाही, दाते असलेल्या चाकासारखे अडत अडत फिरते. मग ते रुग्णाला दुसऱ्या हाताची मूठ उघडायला आणि मिटायला सांगतात, आणि त्याच क्षणी पहिल्या मनगटातला अडसर वाढतो. त्या क्षणात मनगटाच्या हाडांत किंवा सांध्यात काहीच बदललेले नसते, बदललेली असते ती मेंदूकडून स्नायूंना येणारी आज्ञा. मानेच्या ताठरपणाचे मूळही तेथेच आहे. त्यामुळे मणका हलवून तो मुळापासून जाईल, अशी अपेक्षा ठेवणे बरोबर नाही.

मात्र पार्किन्सन्सच्या रुग्णाची प्रत्येक मानदुखी एकाच कारणाची नसते, आणि येथे दुखण्याची वेळ फार उपयोगी पडते. मेंदूतली डोपामिनची कमतरता भरून काढणाऱ्या लेव्होडोपा या औषधाची गोळी घेण्याची वेळ जवळ आली की मान घट्ट होते आणि गोळी लागू पडली की सुटते, असे होत असेल तर उपाय मानेवर नाही. गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा बसवून घ्यायला हव्यात. मान आणि दोन्ही खांद्यांवर ओझे ठेवल्यासारखी कळ उभे राहिल्यावर सुरू होत असेल आणि आडवे झाल्यावर थांबत असेल, तर रक्तदाब तपासावा. या आजारात, आणि त्याच्या काही औषधांमुळेही, उभे राहताच रक्तदाब घसरू शकतो. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असा दोनदा रक्तदाब मोजला आणि वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर ते महत्त्वाचे निदान आहे. घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र असते, पण ते बहुधा खुर्चीत बसूनच वापरले जाते, म्हणून ही घसरण सापडत नाही. डोके काही दिवसांत किंवा आठवड्यांत हनुवटी छातीला टेकेल इतके खाली पडू लागले, तर तातडीने न्यूरॉलॉजिस्टकडे जावे. हे नव्या औषधामुळे झालेले असू शकते, मानेच्या स्नायूंच्या दुर्बलतेमुळे झालेले असू शकते, किंवा आजार पार्किन्सन्स नसून त्याच्यासारखा दिसणारा दुसराच असू शकतो. वयानुसार होणारी मणक्यांची झीज आणि आखडलेल्या स्नायूंचे साधे दुखणे या साऱ्याच्या जोडीला असतेच. हाताने करायच्या उपचाराला खरी जागा आहे ती या शेवटच्या दुखण्यात.

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट येथे १८९५ मध्ये डॅनियल डेव्हिड पामर यांनी केली. मणके जागेवरून किंचित सरकल्याने मज्जातंतूंच्या कामात अडथळा येतो आणि त्यातून अनेक आजार होतात, अशी त्यांची धारणा होती. त्यातील एका शाखेने मानेच्या सर्वांत वरच्या दोन मणक्यांवर, म्हणजे ॲटलास आणि ॲक्सिसवर, सगळा भर दिला. हे मणके जागेवर आणले की मेंदूच्या तळाकडील ताण हलका होतो आणि पार्किन्सन्सची लक्षणेही कमी होतात, हा दावा याच शाखेतून येतो. झटक्यासोबत होणारा आवाज ऐकून मणका जागेवर बसला असे वाटते, पण तो आवाज हाड सरकल्याचा नसतो. सांध्याचे पृष्ठभाग एकमेकांपासून झटकन दूर झाले की आतल्या द्रवावरचा दाब उतरतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज असतो. बोटे मोडताना होणारा आवाजही हाच.

पार्किन्सन्सबाबतच्या या दाव्याला आधार म्हणून जे दाखवले जाते, ते मुख्यतः एकेका रुग्णाचे किंवा मोजक्या रुग्णांचे वृत्तांत आहेत. झटक्याने डोपामिनच्या पेशींचा ऱ्हास थांबतो किंवा आजाराची वाटचाल मंदावते, असे सिद्ध झालेले नाही. तरीही ‘आम्हाला खरेच बरे वाटले’ असे सांगणारे रुग्ण खोटे बोलत नसतात, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावणे मला योग्य वाटत नाही. कॅनडातील व्हँकुव्हर येथील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की औषध मिळणार या अपेक्षेने साधे सलाइन टोचून घेतलेल्या पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूतही डोपामिन स्रवते. म्हणजे या आजारात अपेक्षेचा परिणाम शरीरात मोजता येण्याइतका खरा असतो. शिवाय कोणीतरी अर्धा तास लक्ष देऊन ऐकते, आखडलेल्या स्नायूंवरून हात फिरवते, त्यानेही आराम पडतो. पण हा आराम टिकत नाही, आणि तो मिळवण्यासाठी झटका आवश्यकही नसतो.

झटक्याचा धोका मात्र याच रुग्णांना अधिक आहे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन रोहिण्या मानेच्या मणक्यांमधील छिद्रांतून वर जातात आणि ॲटलासपाशी तीव्र वळण घेऊन कवटीत शिरतात. मान वळवण्याची जवळजवळ निम्मी क्षमता ॲटलास आणि ॲक्सिस यांच्यामधल्या सांध्यात असते, त्यामुळे वेगाने दिलेल्या पिळाचा ताण या वळणावर येतो. रोहिणीचा आतला थर फाटला तर तेथे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये या विषयाचा आढावा घेतला. असा पक्षाघात विरळा आहे आणि झटका हेच कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही, कारण काही जणांची रोहिणी आधीच फाटलेली असते आणि त्या दुखण्यावर उपचार घ्यायलाच ते मान दाखवायला जातात. तरीही दोन्हींचा संबंध आढळत असल्याने रुग्णाला आधी कल्पना दिलीच पाहिजे, असा त्या आढाव्याचा निष्कर्ष होता. पार्किन्सन्सच्या रुग्णांत हाडे ठिसूळ होण्याचे प्रमाण अधिक असते. मानेत मज्जारज्जूवर दाब येत असेल, तर चाल अडखळणे, शर्टाची बटणे न लागणे, लघवीची घाई होणे ही लक्षणे दिसतात, आणि ती पार्किन्सन्सचीच समजली जाऊन तो दाब वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. अशा मानेला झटका दिला तर हातापायांतले बळ जाऊ शकते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या मानेला वेगाचा झटका देऊ नये, मग तो चकाचक क्लिनिकमधला असो, हाडवैद्याचा असो की केस कापून झाल्यावर चंपी करता करता मान मोडणाऱ्या न्हाव्याचा.

हलक्या हाताने स्नायू मोकळे करणे, सावकाश ताण देणे, कोमट शेक आणि नियमित व्यायाम यांची गोष्ट वेगळी आहे. हे काम पार्किन्सन्सची जाण असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावे, आणि व्यायामाची वेळ गोळी लागू पडल्यानंतरची ठेवावी, कारण गोळी उतरलेली असताना ताणलेली मान फक्त दुखते. भिंतीला पाठ व टाचा टेकवून हनुवटी किंचित आत घेणे, खुर्चीत बसून छातीपासून सावकाश दोन्हीकडे वळणे, मोठी पावले टाकत चालणे, हे व्यायाम एकदा नीट शिकून घेतले की घरीही करता येतात. मुंबईतल्या केईएम, नायर आणि शीव या महापालिकेच्या रुग्णालयांत, तसेच हाजी अलीच्या भौतिक पुनर्वसन संस्थेत फिजिओथेरपीची सोय आहे. पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही २००१ मध्ये मुंबईत सुरू झालेली संस्था रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी गट चालवते.

डीप ब्रेन स्टिम्युलेशनचे, म्हणजे मेंदूच्या आत सौम्य विद्युत स्पंदने देणारे यंत्र बसवलेले असेल, तर एक गोष्ट प्रत्येक वेळी, प्रत्येक ठिकाणी आधी सांगावी. त्या यंत्राची तार कानामागून मानेच्या त्वचेखालून छातीपर्यंत गेलेली असते. मानेला पीळ दिल्यास तार ओढली जाऊ शकते, आणि शॉर्टवेव्ह डायथर्मीचा, म्हणजे रेडिओ लहरींनी शरीराला आतून ऊब देणारा शेक तर पूर्णपणे वर्ज्य आहे, मग तो गुडघ्याला द्यायचा असला तरीही. त्या लहरींनी तारेचे टोक मेंदूत तापते; यातून मेंदूला कायमची इजा आणि मृत्यूही झालेले आहेत.

मानेला झटका दिला गेलाच असेल, तर पुढचे काही दिवस घरच्यांनी बारकाईने पाहावे. पूर्वी कधी न झालेली तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी, एकाच्या दोन वस्तू दिसणे, भोवळ, बोलणे अडखळणे, घास अडकणे, चेहऱ्याची किंवा शरीराची एक बाजू बधिर होणे ही पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. यातली भोवळ, अडखळते बोलणे आणि गिळण्याचा त्रास पार्किन्सन्समध्ये आधीपासून असल्याने ‘आज गोळी लागली नसेल’ असे समजून वाट पाहिली जाते. पार्किन्सन्स असा मिनिटांत वाढत नाही. लक्षण अचानक आले असेल, तर पुढच्या गोळीची वाट न पाहता सीटी स्कॅन आणि न्यूरॉलॉजिस्ट असलेल्या रुग्णालयात लगेच न्यावे, कारण गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. रुग्णाची शेवटची गोळी किती वाजता झाली आणि मानेला झटका दिला होता, या दोन्ही गोष्टी तेथील डॉक्टरांना सर्वांत आधी सांगाव्यात.